फाटण्याच्या अलीकडे

संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी नवा आलेला ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, जमिनीवर ठेवला, गिटार लावली आणि जी मेजर वाजवला. गिटार शिकणाऱ्याला पहिल्याच महिन्यात शिकवतात तो कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा गुच्छ. सहाही तारा वाजतात, चुकायला फारशी जागा नाही. पण स्पीकरमधून जे आलं त्याला कॉर्ड म्हणवेना. वरच्या तारा कुठेतरी लांब, खाली नुसता चिखल, आणि सगळ्यावर बारीक खरखर. जुन्या रेडिओचा काटा स्टेशनच्या जरा बाजूला राहिला की यायची तशी. आवाज जास्त झाला असेल म्हणून नॉब खाली आणला. खरखर कमी झाली, पण तिच्यासोबत गिटारही विझल्यासारखी झाली.

इंग्रजीत ज्याला डिस्टॉर्शन म्हणतात त्याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे. आवाज फाटतो. मांडवातला कर्णा फाटतो, तारसप्तकात जाताना तयारी नसलेला गळा फाटतो, रेडिओचा स्पीकर फाटतो. कापड ताणत गेलं की एका जागी धागे सुटू लागतात, तसंच हे आहे. पुष्कळ गिटारवाल्यांना हे फाटणंच हवं असतं, आणि त्यांचं काही चुकत नाही. ब्लूज आणि रॉकचा निम्मा जीव त्या फाटण्यात आहे. मला मात्र पहिल्यापासून दुसऱ्या बाजूची ओढ. कॉर्डमधला प्रत्येक स्वर वेगळा कळावा, तार छेडल्यावर तो उमलावा आणि आपल्या आपण विरावा. स्वच्छ आवाज. तोही ट्रान्झिस्टरच्या ॲम्पमधला काचेसारखा गार आवाज नाही, तर जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या ट्यूबमधला, ज्यात किंचित ऊब असते.

आणि माझ्याकडे ॲम्प होता पाच वॅटचा.

तो माझ्या आतेभावाने न्यू जर्सीत स्वतः किट आणून जोडला होता. २०१६ साली भारतात येताना तो त्याने बॅगेतून आणला. ट्यूब काढून लोकरी मोज्यांत गुंडाळलेल्या. सर्किटचा नकाशा फेंडर या अमेरिकन गिटार-कंपनीच्या चँप या ॲम्पचा, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातला. आवाज वाढवणारी मोठी ट्यूब एकच, ६व्ही६. तिच्याआधी १२एएक्स७ ही छोटी ट्यूब, जिच्या एकाच काचेत दोन स्वतंत्र ट्यूब असतात. तिसरी ५वाय३, जी नुसती एसीची डीसी करते. आठ इंची स्पीकर आणि एकच नॉब, एक ते बारा आकड्यांचा. बास नाही, ट्रेबल नाही. फेंडरने हा ॲम्प शिकाऊ विद्यार्थ्यांसाठी काढला होता. आत डोकावलं की सगळा मार्ग डोळ्यांनी दिसतो: गिटारची वायर इथून आत आली, इथे दोनदा वाढली, इथे ६व्ही६ ने तिला जोर दिला, इथून स्पीकरला गेली.

ही कंपनी काढणारा लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. कॅलिफोर्नियात फुलरटन या गावी १९३८ साली त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि पुढचं सगळं त्या दुकानातून निघालं. हे वाचलं तेव्हा मला मिरज आठवली. माझ्या काकांचं तिथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी प्राथमिक शाळेत असताना व्हॉल्व्हच्या रेडिओंचा काळ संपत आला होता, तरी खेड्यांतून अजून एखादा यायचा. काका मागचा पुठ्ठा काढायचे, आणि आत नारिंगी प्रकाशाच्या काचा दिसायच्या. तापलेल्या धुळीचा आणि मेणाचा एक वास यायचा. न्यू जर्सीहून आलेला ॲम्प पहिल्यांदा चालू केला तेव्हा पाच मिनिटांनी खोलीत तोच वास आला. आम्ही गिटारवाले ट्यूब म्हणतो, काका व्हॉल्व्ह म्हणत आले, वस्तू एकच.

तर स्वच्छ आवाजासाठी मी काय काय केलं ते सांगते. त्यातलं बरंचसं उलट्या क्रमाने केलं.

सुरुवात केली ट्यूब बदलण्यापासून, कारण तेच सर्वांत सोपं आणि त्याबद्दलच लोक सर्वांत जास्त बोलतात. १२एएक्स७ चा वर्धनांक १००. तिच्याच जागी बसणाऱ्या, तितक्याच पिनांच्या आणखी ट्यूब आहेत: ५७५१ चा सुमारे ७०, १२एवाय७ चा ४४ च्या आसपास. आकडा जितका लहान तितकी ती गिटारचा सिग्नल कमी फुगवते. हा उद्योग काही नवा नाही, त्या काळच्या फेंडरच्या काही मोठ्या ॲम्पमध्ये पहिल्या जागी १२एवाय७ च असायची. मी ती मागवली आणि बसवली. आधी चारवर फाटणारा आवाज आता सातपर्यंत टिकू लागला. आठवडाभर मी अगदी खूश होते.

मग एका मैत्रिणीने साधा प्रश्न विचारला: फाटायच्या आधी तो जास्त मोठ्याने वाजतोय का? मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप होतं. जुनी ट्यूब घालून चारवर मोजलं, नवी घालून सातवर मोजलं. आकडा तोच! मी फक्त नॉबवरचं अंतर वाढवलं होतं. घाटात वळणं वाढवली म्हणून डोंगराची उंची बदलत नाही. शेवटी जोर लावणारी ६व्ही६ तीच होती आणि तिचे पाच वॅट पाचच होते. ट्यूब बदलून अजिबात काही होत नाही असं मी म्हणणार नाही. नॉब सावकाश फिरतो, हव्या त्या जागी थांबवता येतो, हाताखाली आवाज जरा मऊ लागतो. पण ज्याला हेडरूम म्हणतात, म्हणजे फाटण्याच्या आधी हातात उरलेली शिल्लक, ती यातून वाढत नाही. मी तिला शिल्लकच म्हणते. पगार तोच ठेवून पाकिटं वेगवेगळी केली, तर महिनाअखेरीस तेवढंच उरतं.

दुसरी गोष्ट मला मोजताना सापडली, आणि ती माझ्या घरातच होती. न्यू जर्सीत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून एक घेतला होता. त्यावर ११० व्होल्ट लिहिलेलं, आणि दहा व्होल्टने काय होतंय असं मला वाटलं. काकांना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी ट्यूबचा विषयच काढला नाही. एवढंच म्हणाले, “आधी लाइट किती येतेय ते बघ की गं.”

रात्री आठला मल्टिमीटर लावला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये २०८. ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर, ॲम्प चालू असताना, ९८. वही घेऊन बसले. १२० च्या जागी ९८ म्हणजे सगळंच अठरा टक्क्यांनी खाली. ट्यूबची फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी तार, ६.३ व्होल्टवर तापायला हवी, तिला जेमतेम ५.१ मिळत होते. वरचा, ६व्ही६ ला लागणारा तीनशेच्या पुढचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात खाली. आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, म्हणजे पाच वॅटमधले माझ्या हातात उरत होते सव्वातीनच्या आसपास. दुपारी सराव चांगला व्हायचा आणि रात्री चिखल का व्हायचा, हे मला इतके दिवस कळत नव्हतं. मी स्वतःच्या बोटांना दोष देत होते.

मग वाइंडिंग करणाऱ्या एका माणसाकडून १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर करून घेतला, दोन्ही बाजूंची वाइंडिंग पूर्ण वेगळी असलेला, अर्थिंगसकट. जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर पडून होता तो आधी जोडला. त्या रात्रीचा जी मेजर मला अजून आठवतो. अजून चिखल होता, पण तळ दिसत होता. (अमेरिकेत साठ सायकलसाठी बनवलेला ॲम्पमधला ट्रान्सफॉर्मर आपल्या पन्नास सायकलवर जास्त तापतो. त्यामुळे तासाभराने मी त्याला विसावा देते.)

स्पीकरकडे मी सगळ्यांत शेवटी वळले, आणि खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती. वॅटचा हिशेब फसवा असतो. पन्नास वॅटचा ॲम्प पाच वॅटच्या दहापट मोठ्याने वाजत नाही, कानाला साधारण दुप्पट वाटतो. तीन डेसिबल वाढवायचे तर वॅट दुप्पट लागतात. पण तेच तीन डेसिबल चांगल्या स्पीकरमधून फुकट मिळतात. तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठ्याने वाजतो, याचा आकडा त्याच्या माहितीच्या कागदावर असतो. माझ्या आठ इंची स्पीकरच्या कागदावर ९३ डेसिबल लिहिलं होतं. एका ओळखीच्या वादकाकडे बारा इंची स्पीकरचं लाकडी खोकं पडून होतं, त्याच्या कागदावर १००. सातचा फरक म्हणजे पाचपट वॅट. माझा पाच वॅटचा ॲम्प एका वायरीच्या अदलाबदलीने पंचवीस वॅटसारखा वाजणार होता, आणि त्याला त्याचा पत्ताही लागणार नव्हता. ॲम्पचे आणि स्पीकरचे ओहम (विजेला होणारा अडथळा) जुळतात का ते पाहिलं. माझ्या ॲम्पला चार आणि आठ अशा दोन्ही जागा आहेत. ॲम्प पूर्ण बंद करून वायर बदलली. स्पीकर न जोडता ट्यूबचा ॲम्प कधी चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो; हे जो कुणी नव्याने घेईल त्याला मी पहिल्यांदा सांगते.

नॉब तीनवर ठेवला आणि वाजवलं. शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, “हे काय, गिटार बदललीस का?” आठ इंची स्पीकरमधून जे स्वर पिळून निघत होते, ते आता खोलीत पसरत होते. तीनवरच भरपूर होतं, चारला हात लावायची गरज उरली नाही. शिल्लक वाढवण्याचा रस्ता हाच होता: ॲम्पकडून जास्त मागायचं नाही, मिळालेलं वाया जाऊ द्यायचं नाही.

गिटारच्या बाजूने तर शिल्लक राखणं आणखी सोपं आहे. ॲम्पला दोन जॅक आहेत, एक आणि दोन. दोन नंबरच्या जॅकमध्ये वायर घातली की सिग्नल निम्मा होऊन आत जातो, आणि बहुतेक जण त्याला कधी हातही लावत नाहीत. पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारा गिटारवरचा चुंबक, तारांच्या फार जवळ असेल तर तो स्क्रूने दोन-तीन मिलिमीटर खाली घ्यावा. जाड तारांचा धुमाकूळ कमी होतो आणि बारीक तारांना बोलायला जागा मिळते. आणि गिटारवरचा आवाजाचा नॉब दहावर ठेवायचा नाही. मी तो सातवर ठेवते. सातवर ठेवला की वरचा तजेला थोडा जातो, कारण वायरमध्येच एक लहानसा कंडेन्सर (वीज साठवणारा भाग) लपलेला असतो. वायर जितकी लांब तितका तो मोठा. म्हणून सहा मीटरची वायर काढून तीन मीटरची घेतली. इतकं केल्यावर १२एवाय७ काढून मी पुन्हा १२एएक्स७ घातली. सातवरून दहापर्यंतचे ते तीन आकडे माझ्या करंगळीखाली राहतात; एखाद्या ओळीला जोर द्यायचा असला की तेवढ्यापुरते उघडते. कमी ताकदीच्या ट्यूबपेक्षा ही सवय मला जास्त मोलाची वाटते, कारण यात निर्णय दर ओळीला हाताकडे येतो.

ही १२एएक्स७ मात्र रशियाहून आलेली नव्हती. मी गणपतीला मिरजेला गेले तेव्हा काकांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा समोर ठेवला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले व्हॉल्व्ह. त्यांतल्या एकावर फिकट पांढऱ्या अक्षरांत बीईएल आणि ईसीसी८३. १२एएक्स७ चंच हे युरोपातलं नाव. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली, आणि देशभरच्या दुकानांतून ते गेले. आज गिटारसाठी ट्यूब बनतात त्या मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. एखाद्या घरातल्या रेडिओसाठी बंगळूरला बनलेली काच आता माझ्या गिटारला आवाज देते, या गोष्टीचा आनंद मला रोज होतो.

पण इतकं सगळं करूनही एक गोष्ट राहिली. एकेरी तारा स्वच्छ, दोन तारा स्वच्छ, आणि पूर्ण जी मेजर जोरात छेडला की तळाशी पुन्हा ती कालवाकालव. तिचं उत्तर मला गिटारच्या जगात मिळालं नाही. ते मिरजेत मिळालं, तंबोऱ्यात.

मिरजेत वाढलेल्या माणसाच्या कानावर तंबोरा न कळत पडतो. पंढरपूरकडचे भोपळे येतात, सतारमेकरांच्या दुकानात उंच टांगलेले असतात, खाली कुणी तरी तारा पेलणाऱ्या घोडीवर कानस फिरवत बसलेला असतो. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लहानपणी दर्ग्यातल्या संगीत सभेला, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होते तिला, काका मला घेऊन जायचे. गायक येण्याआधी नुसते तंबोरे जुळत असायचे आणि काका हळूच सांगायचे, “खर्जाकडे कान दे. गंधार ऐकू येतोय का?” खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या, तारेवर षड्जच (सा) छेडलेला असतो. पण जवारी, म्हणजे घोडीवर तारेला मिळणारी टेक, नीट लागली असेल तर त्या तारेतूनच वर कुठेतरी गंधार (ग) उमटतो, कुणी न वाजवलेला. स्वयंभू गंधार. त्याची कंपनसंख्या मूळ षड्जाच्या बरोबर पाचपट.

म्हणजे स्वर कधी एकटा नसतोच. दुप्पट कंपनाचा वरचा षड्ज, तिप्पटीचा पंचम, पाचपटीचा गंधार, हे सगळे त्याच्या पोटात असतात. एकच ट्यूब सगळी लाट उचलते अशा माझ्या ॲम्पसारख्या रचनेत, आवाज जरा भरू लागला की सर्वांत आधी दुप्पट कंपन वाढतं, म्हणजे षड्जावर षड्जच चढतो. ट्यूबची ऊब म्हणतात ती बरीचशी हीच. तोवर सगळं गोड. अडचण येते दोन स्वर एकदम वाजले की. फाटू लागलेला ॲम्प नुसते स्वर वाढवत नाही, तो त्यांची बेरीज-वजाबाकी करून नवेच स्वर काढतो.

आता जी मेजर घ्या आणि जी ला षड्ज माना. सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा (फ्रेटचा) जी, ९८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ९८ कंपनं. पाचव्या तारेवर दुसऱ्या पडद्याचा बी, म्हणजे गंधार, १२३.५. बेरीज २२१.५. हा झाला ऋषभ, तोही जरा चढा. मी वाजवला नाही, कॉर्डमध्ये नाही, आणि तरी खोलीत आहे. पंचमाचं असं होत नाही. षड्ज दोन आणि पंचम तीन असं प्रमाण धरलं तर बेरीज पाच, म्हणजे गंधार. वजाबाकी एक, म्हणजे खालचा षड्ज. दोन्ही घरचेच. हेवी मेटलवाले जाडजूड फाटक्या आवाजात फक्त षड्ज-पंचम का वाजवतात, ते मला त्या दिवशी वहीवर आकडे मांडताना कळलं. शिवाय गिटारच्या पडद्यावरचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा चढा असतो, एका पडद्याच्या अंतराचे शंभर भाग केले तर चौदा भागांनी. स्वच्छ आवाजात हे चौदा भाग कान सांभाळून घेतो. आवाज फाटू लागला की तेच भांडण माईक लावून ऐकवल्यासारखं होतं.

म्हणून आता जी मेजर वाजवताना सहाव्या तारेवरच्या बोटाच्या कडेने मी पाचवी तार हलकेच दाबून मुकी करते. तळाचा गंधार गेला. वरच्या सप्तकातला दुसऱ्या तारेवरचा उरतो आणि पुरतो. खाली षड्ज-पंचम, वर गंधार. तंबोऱ्यातही गंधार वरच असतो. या एका बोटाने जे झालं ते तीन ट्यूब बदलून झालं नव्हतं. पुष्कळ चांगले गिटारवादक असाच जी धरतात, हे नंतर मी बघायला लागले. त्याआधी तेच हात बघूनही मला ते दिसत नव्हतं.

शेवटी राहिली ती ॲम्पची घरघर, काही न वाजवताही मागे चालू राहणारी. बारा इंची स्पीकर लावल्यापासून ती जास्तच कळू लागली होती, कारण आठ इंचीला तितकं खालचं वाजवताच येत नव्हतं. आपली वीज पन्नास सायकलची, डीसी होताना त्याचे शंभर होतात. शंभर हर्ट्झ हा जवळजवळ जी च. गिटारचा जी ९८ चा. त्यामुळे सहावी तार तिसऱ्या पडद्यावर छेडून सोडली की तिच्यात आणि घरघरीत सेकंदाला दोन अशा संथ लाटा उठायच्या. सुरात पूर्ण न लागलेल्या तंबोऱ्याच्या जोडीसारख्या. अमेरिकेत हीच घरघर १२० ला असते, बी च्या किंचित खाली. न्यू जर्सीत माझ्या आतेभावाला ती कधी इतकी खुपली नसेल. आणि जोरात वाजवलं की ती फक्त मागे उभी राहत नव्हती, स्वरांमध्ये मिसळत होती. माझ्या वहीतल्या बेरीज-वजाबाकीत हा शंभराचा आकडाही बसला होता.

दिवाळीत ॲम्प, खोकं, ट्रान्सफॉर्मर सगळं गाडीत घालून मिरजेला नेलं. काका आता ब्याऐंशीचे. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण सोल्डरिंग आयर्न माळ्यावरून काढलेला होता. त्यांनी आधी नुसतं ऐकलं, मान खाली घालून. मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने चालू ॲम्पच्या एकेका ट्यूबवर टिचकी मारली. बीईएलच्या ट्यूबवर टिचकी मारली तेव्हा स्पीकरमधून हलका टणत्कार आला, पण मान हलवून त्यांनी ती चालेल असं सांगितलं. प्लग काढायला लावला. चहा झाला. त्यानंतर रबरी मुठीच्या जुन्या स्क्रूड्रायव्हरला रेझिस्टन्स आणि वायर जोडलेलं त्यांचं हत्यार घेऊन त्यांनी कंडेन्सर रिकामे केले. बंद ॲम्पमध्येही तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. मला जवळ बसवून म्हणाले, “डावा हात पाठीशी. दोन हात कधी आत घालायचे नाहीत. एका हातातून दुसऱ्या हातात करंट जाताना वाटेत काळीज असतं.”

चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बॅटरीच्या उजेडात एकेक सांधा पाहिला. मधल्या फिल्टर कंडेन्सरचा अर्थचा पाय. बाहेरून चकचकीत, पण लाकडी काडीने ढकलला तर केसभर हलत होता. “ड्राय सोल्डर,” काका म्हणाले. तापून गार होऊन, बॅगेतून, गाडीतून, कधी तरी तो सुटला असणार. त्यांचा हात थोडा थरथरत होता, म्हणून बॅटरी त्यांनी धरली आणि आयर्न मला दिला. जुनं कथील ओढून घेतलं, नवं दिलं. रोझिनचा धूर वर आला आणि क्षणभर मला दुकानाचा तो मागचा कोपरा दिसला.

चालू केलं. फिलामेंट नारिंगी व्हायला लागते तेवढा वेळ दोघंही गप्प बसलो. घरघर पूर्ण गेली नव्हती. एका ट्यूबच्या ॲम्पमध्ये ती पूर्ण जात नाही. पण ती भिंतीपलीकडे गेली होती. सहावी तार छेडली. लाटा नाहीत. तार सरळ, लांब, शेवटपर्यंत जी च.

मग माझ्या नव्या सवयीने, पाचवी तार मुकी करून, मी कॉर्ड वाजवला. काकांनी हात वर केला.

“ती मधली का दाबतेस?”

मी षड्ज-गंधाराचं सगळं सांगितलं, बेरजेतून निघणारा ऋषभसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाकले, नॉब चारवरून साडेतीनवर आणला आणि पुन्हा ताठ बसले.

“आता सोड तिला. सहाही वाजव.”